थाळीएवढी प्रगती

आमच्या आकडेवारी शाखेत गोल आलेख काढायचा तो कॅन्टीनच्या थाळीने. कंपास होता, पण त्याचा स्क्रू ढिला झाला होता आणि नव्या कंपासची मागणी कुठल्यातरी टेबलावर सहीची वाट पाहत पडली होती. मग कॅन्टीनमधून एक स्टीलची थाळी धुऊन आणायची, कार्डबोर्डावर पालथी घालायची आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवायची. आमचे साहेब याला शास्त्रीय पद्धत म्हणत. मी संख्याशास्त्राची पदवी घेऊन तिथे लागले होते, आणि त्या पदवीचा पहिला उपयोग थाळी घट्ट दाबून धरण्यासाठी झाला.

सत्तरच्या पुढची ती वर्षं. दर डिसेंबरात अधिवेशनासाठी मुंबईहून अख्खं सरकार नागपुरात उतरायचं आणि त्याच्या मागोमाग बडे अधिकारी. त्यातला कोण कधी कुठल्या कार्यालयात डोकावेल याचा नेम नसे. म्हणून दिवाळी संपली की आमच्या हॉलमध्ये आलेखांचं प्रदर्शन मांडायची धांदल सुरू. शहरातल्या बसची पाहणी करायची आणि कुठल्या मार्गाला किती बस द्याव्यात ते सुचवायचं, हे आमच्या शाखेचं काम. ते वर्षभर रडतखडत चाले. प्रदर्शनासाठी मात्र माणसं जेवणाची सुट्टी विसरत.

आलेख कोणता काढावा याबद्दल साहेबांची मतं ठाम होती. दुसऱ्या कशाबद्दल त्यांना मत असलेलं मी कधी पाहिलं नाही. उभ्या खांबांचा आलेख त्यांना नको असे, कारण खांब दिसले की पाहणारा उंची मोजायला लागतो. काढावाच लागला तर ते खांबांचे पाय कापायला लावत. शून्यापासून सुरुवात केली तर खांब लाकडी चौकटीत मावत नाहीत, म्हणून मधूनच कुठूनतरी सुरुवात करायची. त्यामुळे जराशी वाढलेली बससंख्या दुप्पट झाल्यासारखी दिसे आणि सगळे खूश होत.

रेषेचा आलेख तर त्यांनी एकदा असा काढून घेतला की मी कपाळाला हात लावला. जरीपटक्याच्या प्रवाशांचं एक टिंब, सक्करदऱ्याच्या प्रवाशांचं दुसरं टिंब, आणि दोघांना जोडणारी ऐटदार निळी रेघ. एकाच गोष्टीत महिन्यागणिक काय बदल झाला हे दाखवायचं असेल तर रेघ ठीक. शहराच्या दोन टोकांच्या वस्त्या रेघेने जोडून कोणाचं काय कळणार? मी विचारलं, "साहेब, या रेघेच्या मधोमध कोण राहतं?"

साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही काहून डोकं खपवून राहिल्या? रेघ पाहाले चांगली वाटते."

पण त्यांचा खरा जीव गोलावर. गोलाच्या तुकड्याला आमच्याकडे फाक म्हणत. संत्र्यांच्या नागपुरात दुसरं काय म्हणणार! गोलात सगळं मिळून शंभर होतं, रंगीत दिसतं आणि कोणी प्रश्न विचारत नाही, हे त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. गोल फक्त वाटा सांगतो. एकूण किती, गेल्या वर्षी किती, सकाळी किती आणि संध्याकाळी किती, यातलं तो काही सांगत नाही. म्हणूनच तो त्यांचा लाडका होता असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

साहेबांच्या या गमती मी घरी नकला करून सांगत असे. एका वर्षी मात्र नकला करायचा उत्साह राहिला नाही.

मी सक्करदऱ्याला राहत होते. कार्यालय सुटल्यावर उजेडात तिकडे जाणारी एकच बस होती. ती चुकली की पुढची अंधार पडल्यावर. आमच्या कार्यालयातली टायपिस्ट माझ्याच गल्लीत राहायची, आम्ही दोघी त्याच बसने परतायचो. ऐन तारुण्यात तिचा नवरा गेला होता आणि ती भावाच्या घरी राहत होती. भावाने तिला नोकरीची परवानगी दिली होती ती एका अटीवर: दिवेलागणीच्या आत घरात. हा भाऊ स्वतः जेवणं आटोपल्यावर पानठेल्यावर तासन्‌तास उभा असे, पण त्याला विचारणार कोण? ती बस होती तोवर तिची नोकरी होती.

त्या वर्षी बस कमी पडत होत्या. ज्या मार्गाला प्रवासी कमी, तिथली संध्याकाळची बस काढून दुसरीकडे द्यायची, असं वरून ठरलं होतं. प्रवासी कुठे कमी ते आमच्या आलेखांनी सांगायचं होतं. साहेबांनी अर्थातच गोल काढायला सांगितला. दिवसभरातले सगळे प्रवासी म्हणजे एक गोल, आणि प्रत्येक मार्गाची एक फाक. जरीपटक्याकडे बस चिक्कार, त्यामुळे त्याची फाक गलेलठ्ठ. सक्करदऱ्याची सुरीच्या पात्याएवढी.

ती बारीक होती कारण तिकडे बसच मोजक्या होत्या. ज्या होत्या त्यांच्या दारात माणसं लोंबकळत असत. संध्याकाळच्या बसला तर कंडक्टर आत घ्यायला तयार नसे. रोज कितीतरी माणसं थांब्यावर मागे राहत. बसमध्ये चढलेली माणसं गोलात होती, मागे राहिलेली नव्हती. हे दाखवायला खांबच हवे होते. पाहणीच्या वह्यांतले आकडे घेऊन मी घरी बसून वेगळा आलेख काढला. प्रत्येक मार्गाला दोन खांब: दर बसला चढलेले किती आणि दर बसला थांब्यावर राहून गेलेले किती. पाय न कापता, शून्यापासून. त्यात सक्करदऱ्याचा दुसरा खांब सगळ्यांत उंच होता. शाळेतलं पोरही तो पाहून म्हणालं असतं की इथे बस वाढवा.

साहेबांनी तो हातात धरून दुरून पाहिला, जवळून पाहिला. "बाई, हे मागं राहिलेले कोण? जो बसमधे बसलाच नाही, तो प्रवासी कसा?"

"त्याला बसायचं होतं, साहेब. जागा नव्हती."

"मंग तो आपला विषय नाही," ते म्हणाले, आणि आलेख कपाटावर टाकून दिला. माझं डोकं असं फिरलं की मी थाळी आपटून बाहेर आले.

डिसेंबरात मुंबईचे एक बडे अधिकारी आले. बंद गळ्याचा कोट, मागे फायली घेतलेली माणसं, पुढे आमचे साहेब हात जोडून. भिंतीवर गेल्या वर्षीचा गोल आणि त्याच्या शेजारी या वर्षीचा. पाहुणे थांबले, एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं आणि प्रसन्न झाले. "वा! गेल्या वर्षीपेक्षा बरीच प्रगती दिसते."

प्रवासी त्या वर्षी थोडे कमीच झाले होते. मोठी झाली होती ती थाळी. कॅन्टीनवाल्याने उन्हाळ्यात नव्या ऐसपैस थाळ्या आणल्या होत्या. साहेबांना हे पक्कं ठाऊक होतं, थाळी त्यांनीच मागवली होती. ते मान झुकवून म्हणाले, "सगळं आपल्या मार्गदर्शनामुळे."

मग पाहुण्यांचं बोट सक्करदऱ्याच्या फाकेवर आलं. "ही एवढीशी कोणाची? इथली संध्याकाळची बस काढता येईल."

मी मागे उभी होते, पुढे झाले. "साहेब, तिथे बसच कमी आहेत, म्हणून फाक बारीक आहे. माणसं रोज थांब्यावर राहून जातात. मी त्याचा वेगळा आलेख काढलाय, आणू का?"

पाहुणे हसले. लहान मुलीशी हसावं तसे. "मॅडम, शंभरातून वाटे पाडायचे म्हटले की कोणाचा तरी लहान होणारच." सगळे हसले. चहा आला, बिस्किटं आली. एवढ्या उच्चपदस्थ अडाणीपणाला लोक नमस्कार करत होते, आणि माझ्या मनात त्यांच्याबद्दल नुसता तिटकारा दाटून आला होता.

नवीन वर्षात बस बंद झाली. मी सायकल घेतली. माझ्या वडिलांनी कुरकुर केली, पण आडवे आले नाहीत. टायपिस्टला सायकल येत नव्हती आणि आली असती तरी भावाने तिला तीवर बसू दिलं नसतं. ती काही दिवस शहराच्या मध्यातल्या बर्डीपर्यंत चालत गेली, तिथून मिळेल त्या बसने आणि पुढे पुन्हा चालत. घरी पोचायला अंधार व्हायचा. भाऊ दारात उभा असायचा. एका संध्याकाळी मी तिच्या दारावरून जाताना त्याचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकला. संक्रांतीनंतर ती राजीनामा देऊन गेली. जाताना मला म्हणाली, "आता दिवसभर वहिनीच्या हाताखाली राहीन, दुसरं काय वं?"

पुढच्या प्रदर्शनाच्या वेळी वरच्यांना एकदम बायकांची आठवण झाली. कार्यालयांत स्त्रिया किती, त्याचा आलेख हवा होता. साहेबांनी गोल काढून घेतला. आमच्या कार्यालयाच्या गोलात पुरुषांची फाक जवळजवळ सगळा गोल, आणि बायकांची गेल्या वर्षीपेक्षा बारीक. तिला गुलाबी रंग. खाली कारण लिहायची पद्धत होती. साहेबांनी पेंटरकडून ठळक अक्षरांत लिहून घेतलं: "स्त्रियांना नोकरीची इच्छा कमी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच संध्याकाळी मी सायकल तिच्या दारात लावली. ती अंगणात तांदूळ निवडत होती. मी तिला आलेखाखालची ती ओळ जशीच्या तशी सांगितली.

तिने सूप खाली ठेवलं. म्हणाली, "मले इचारलं कोनं?"