शैलाबाईंची टकटक

तरी मी सांगत होतो शैलाबाई, दादाला कामाला लावू नका.

ऐकलं नाहीत. आणि आता स्वतःच गेलात. अर्ध्यावर. हार्ट अटॅक काय, वय काय!

आज तुमचं दहावं. मी इथे मस्कतला साइटवर. सुट्टी नाही मिळाली.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. माझा मोठा भाऊ सुरेश जन्मापासून डोक्याने लहानच राहिला. शैलाबाई आमच्या भाईंदरला, गोडदेवच्या एका सेंटरमध्ये अशा मोठ्या झालेल्या पोरांना काम शिकवायच्या.

आमचं फोनवर भांडण ठरलेलं.

"बाई, मी कमावतोय ना? त्याला कशाला राबवता?"

"तू कमावतोस ते तुझं. त्याला पण सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचंय. तुझ्या पोटात का दुखतंय?"

दादाला मोजता येत नाही. बाईंनी लाकडाच्या फळीवर सहा खाचा पाडून घेतल्या. एका खाचेत एक चमचा. खाचा भरल्या की चमचे पिशवीत. अर्धा डझन, चूक नाही.

दादा भाईंदरलाच स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगला लागला. मला फोन केला, "मी पण ड्युटीवर!"

एकच लोचा होता.

बाई रोज गाळ्यात येऊन टेबलावर टकटक करून "सुरेशराव, ड्युटी!" म्हणायच्या, तेव्हाच त्याचा हात चालायचा. सवय त्यांनीच लावली, सोडवत पण त्याच होत्या. आधी बोलणं बंद केलं. मग टकटक नुसती एका बोटाने.

"दिवाळीपर्यंत तीही बंद करते, बघच तू."

दिवाळी राहिली.

आता दादा रोज वेळेवर गाळ्यात जातो. पुढ्यात फळी, हातात चमचा. दाराकडे बघत बसतो.

पॅकिंगच्या पोरींनी टकटक करून बघितली. शेठने पण केली.

"तू नाय. बाई."

शेठ माणूस वाईट नाही. म्हणाला, "भाई, महिना खतम होने तक देखता हूँ. फिर मैं भी क्या करूँ?"

सेंटरला दुसरी बाई मिळत नाहीये.

काल शेठने मोबाइल दादाच्या कानाला लावला. मी इथून पत्र्यावर टकटक केली. एका बोटाने.

दादा हसला.

"बाई आल्या?"

आणि उठून दारात बघायला गेला. फोन तसाच चालू.

आई म्हणते, शांती नगरची सकाळची स्वयंपाकाची दोन घरं सोडते, संध्याकाळचीच करते, सकाळी गाळ्यात त्याच्याजवळ बसते. तिला जमेल का, माहीत नाही. बाई कशा शिकवायच्या, ते आम्ही कोणी बघितलंच नाही.

बाई, तुमच्या पाया पडायचं राहिलं. इथूनच पडतो.

पप्या, तू घराशेजारीच आहेस, हे वाचलंस तर आईकडे जा. सांग, दोन घरं सोड. त्या घरांचे तीन हजार मी पाठवतोय.