क्रुसापुढचे सरबत

पुदिन्याची चार-पाच पाने डाव्या तळव्यावर ठेवायची, उजवा तळवा त्यावर आणायचा आणि एकच टाळी वाजवायची. मग दोन्ही तळवे नाकाशी नेऊन क्षणभर डोळे मिटायचे. आमच्या गिरगावातल्या वाडीत मे महिन्यातल्या रविवारी ही टाळी ऐकू आली की समजावे, अंकल सरबताला लागले आहेत. मदतीच्या उत्साहात एखादीने पाने खलबत्त्यात टाकलीच, तर ते कळवळून म्हणत, "मारू नको गो त्याला! नुसता उठव. झोपलाय तो."

पुदिन्याचा सुगंध पानाच्या पृष्ठभागावरच असतो. टाळीच्या दाबाने तो मोकळा होतो. कुटल्यावर मात्र आतला हिरवा कडवटपणाही उतरतो. हे झाले माझ्यासारख्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईचे स्पष्टीकरण. अंकलचे याहून सोपे होते. "टीचर, माणसाला लाथ मारून उठवला, तर सकाळी सकाळी तो गोड बोलेल काय?"

प्रत्येक वस्तीत एक माणूस असा असतो, की ज्याचे खरे नाव केवळ पोस्टमनला ठाऊक असते. तुमच्याही पाहण्यात असेल. आमचे अंकल तसे होते. गोदीत मालाची मोजदाद ठेवणारे टॅली क्लार्क म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, विधुर, मूलबाळ नसलेले. त्यांचे कुटुंब मूळ मुंबईचे, कॅथलिक. वाडीत त्यांचे आणि आमचे घर समोरासमोर. त्यांच्या व्हरांड्यात रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावलेली बाग होती: पुदिना, गवती चहा, जाड पानांचा ओवा आणि सब्जा. दुपारी उन्हाची तिरीप सरकेल तसे अंकल एकेक डबा सावलीत ओढत, आणि ओढताना त्याच्याशी बोलत. "चल बाबा, सरक. साहेब आला डोक्यावर."

सरबत त्यांनी का सुरू केले, हे समजण्यासाठी आधी वाडीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसाविषयी सांगायला हवे. मे हा कॅथलिकांचा मेरीमातेचा महिना. या महिन्यात क्रुसाला फुले वाहायची, मेणबत्त्या लावायच्या आणि संध्याकाळी त्यापुढे उभे राहून प्रार्थना म्हणायची, ही वाडीची जुनी रीत. प्रार्थनेनंतर ज्याची पाळी असेल त्याने सर्वांना उकडलेले चणे आणि काहीतरी पेय द्यायचे. मातेला एकाने एकेका नावाने हाक मारायची आणि इतरांनी दर वेळी उत्तर द्यायचे, "आम्हांसाठी विनंती कर." हाक मारायला एक माणूस पुरतो. उत्तराला मात्र माणसे लागतात, आणि तीच वाडीतून कमी होत गेली. कोणी वसईला गेले, कोणी बोरिवलीला, कोणी थेट कॅनडाला. शेवटी अंकलचे एकच घर उरले.

एका मे महिन्यात मी गॅलरीतून पाहिले. अंकल क्रुसापुढे एकटे उभे होते. ते आधी जाड आवाजात हाक मारीत. मग अर्धे पाऊल बाजूला सरकून, बारीक आवाजात स्वतःच उत्तर देत. पुन्हा मूळ जागी येत, पुन्हा हाक. पाहताना प्रथम मला हसू आले, आणि मग ते टिकले नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. "टीचर, काल तुमी पाह्यलं. आता खरं सांगा, असं चालेल काय? माझ्या आईनं मरताना एकच सांगितलं होतं, क्रुसाला बिनउत्तराचा ठेवू नको. आता मी काय करू? क्रूस स्वतः उत्तर देईल?"

"आम्ही आलो तर चालेल का?" मी विचारले.

"तुमी याल. बाकीचे कशाला येतील?" ते समोरच्या व्हरांड्यातल्या आपल्या डब्यांकडे पाहत राहिले. मग एकदम म्हणाले, "उन्हाळ्यात माणूस कशासाठी खाली उतरतो? थंडासाठी!"

येत्या रविवारसाठी त्यांनी वाडीभर निरोप फिरवला: 'प्रार्थनेला आला नाहीत तरी चालेल. सरबताला या. पण सरबत प्रार्थनेनंतर मिळेल.'

हे सरबत करण्याची पद्धत सांगण्यासारखी आहे. सकाळी पाण्यात साखर विरघळवून उकळी आणावी आणि विस्तव बंद केल्यावरच त्यात गवती चहाची पाती गाठ मारून सोडावी. उकळत्या पाण्यात घातल्यास तिला काढ्याचा वास येतो. हा पाक झाकून पूर्ण गार होऊ द्यावा. संध्याकाळी काचेच्या जगात काकडीच्या पातळ चकत्या, उठवलेला पुदिना, सब्जाची पाने आणि ओव्याचे एकच पान घालावे. दुसरे घातले तर सर्दीचे औषध होते. त्यावर पाक, चिमूटभर मीठ आणि जिन. हे सर्व थोडा वेळ एकमेकांच्या ओळखीचे होऊ द्यावे. लिंबू अगदी आयत्या वेळी पिळावे, साल न दाबता. शेवटी बर्फ, आणि जगाच्या कडेने हळूच सोडलेला सोडा. अंकल तो ओतताना श्वास रोखून धरीत.

न पिणाऱ्यांसाठी हेच सारे जिनशिवाय, स्टीलच्या जगात. दोन्ही जग मांडले की ते घोषणा करीत, "स्टीलमध्ये सोवळं, काचेत पाप! ज्याला जे झेपेल ते घ्या." वर खिशातले पिण्याचे सरकारी परमिट काढून दाखवीत. "कायद्यानं पाप करतो मी."

पहिल्या रविवारी माणसे आली, पण कसनुशी उभी राहिली. हात जोडावेत की बांधावेत, कोणालाच कळेना. तळमजल्यावरच्या नेने काकांनी सवयीने आरतीसारख्या टाळ्या सुरू केल्या आणि काकूंच्या कोपरखळीने त्या बंद झाल्या. माझ्या सासूबाई, ज्यांना सारी वाडी माई म्हणते, खुर्ची आणवून क्रुसाच्या अगदी समोर बसल्या होत्या. चार-दोन हाका ऐकल्यावर त्या मोठ्याने म्हणाल्या, "अरे, हे तर आपल्या सहस्रनामासारखंच आहे! तिथे नावं आपणच म्हणायची, इथे तो म्हणतोय. आपल्याला नुसती विनंतीच करायची आहे. म्हणा की!" आणि पुढच्या हाकेला खणखणीत उत्तर गेले. अंकलनी खाकरून पुढचे नाव घेतले.

सगळे सुरळीत चालले असताना एका मे महिन्यात तुळशीचे प्रकरण घडले. उन्हाने सब्जा करपला होता. अंकलनी दुपारी आमच्या गॅलरीत येऊन आत हाक दिली, "माई, थोडी तुळस घेऊ काय?" माई अर्धवट झोपेत होत्या. अंकलना खोकला झाला असेल, असे समजून त्या "घे रे बाबा" म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

संध्याकाळी प्रार्थना झाली, अंकलनी जग मांडले आणि माईंची नजर काचेच्या जगावर खिळली. आत बर्फाच्या खड्यांमधून एक मंजिरी तरंगत होती.

"मेल्या," माई म्हणाल्या, "माझी तुळस दारूत घातलीस?"

हातातले ग्लास हातातच राहिले. अंकलचा चेहरा पांढरा पडला. एका तुळशीपायी पुढच्या रविवारी क्रुसापुढे कोणी उभे राहणार नाही, हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होते.

"माई, चुकलो गो. सब्जा मेला माझा. वास तसाच येतो, म्हणून..."

"कधी तोडलीस?"

"दुपारी."

"आज वार कोणता?"

"रविवार."

"रविवारी तुळस तोडतात का रे? जन्मभर समोर राहतोस, एवढं कळू नये?"

अंकल गोंधळले. त्यांनी अंदाज घेत विचारले, "म्हणजे... शनिवारी तोडली असती तर?"

माईंनी विचार केला. त्या नियमाच्या पक्क्या. नियमात जे सांगितलेले नाही, ते स्वतःहून वाढवणाऱ्यांतल्या नव्हेत. "शनिवारी मीच तोडून दिली असती. पुढे ती कुठे घालायची, ते तू आणि तुझा देव बघून घ्या. आणि मंजिरी कशाला घातलीस? पानं घाल. चव तरी येईल."

नेने काका हसले, मग सगळेच हसले. त्यानंतर मे महिन्यातल्या प्रत्येक शनिवारी सकाळी माई नमस्कार करून तुळशीची पाने खुडत आणि ओल्या फडक्यात बांधून समोर धाडत. अंकलनी पुन्हा सब्जा लावलाच नाही. "तुळशीचा ठसका सब्जाला नाय," असे ते सांगत. चवीपुरते बोलायचे तर ते खरे आहे. तुळशीला लवंगेची झाक असते आणि लिंबाबरोबर ती चांगली उठते.

अंकलची भाची वसईला असते. तिचा मुलगा करी रोडच्या एका टॉवरमध्ये भाड्याने राहतो. एकदा तो फुग्यासारखे मोठे ग्लास, रोझमेरीची काडी, वाळवलेली संत्र्याची चकती आणि मिऱ्याचे दाणे घेऊन आला. "अंकल, हल्ली जिन अशी सर्व्ह करतात." अंकलनी त्याने भरलेला ग्लास हातात धरून सगळ्या बाजूंनी पाहिला.

"फुलदाणी छान केलीस. पिऊ कुठून?"

"बाजूनं."

"रोझमेरी डोळ्यात जाते रे, बाबा." तरी त्यांनी ती काडी डब्यात लावून पाहिली. आपल्या दमट हवेत तिने पावसाळ्यापर्यंतही तग धरला नाही. अंकलना वाईट वाटले. "पाहुणी होती बिचारी. तिला आपली मुंबई झेपली नाय."

त्यांची थोरली बहीण एकदा वांद्र्याहून आली होती. क्रुसापुढची गर्दी पाहून ती नाराजीने म्हणाली, "हे सगळे दारूसाठी येतात. भक्तीसाठी कोण येतो?"

"काना गावच्या लग्नात पण लोक जेवायला-प्यायलाच आले होते," अंकल शांतपणे म्हणाले. "द्राक्षारस संपला, तेव्हा येशूनं त्यांना हाकलून नाय दिलं. पाण्याचा द्राक्षारस करून दिला. आणि करायला सांगितलं कोणी? त्याच्या आईनं!" बहिणीने ग्लास पुढे केला. अंकलनी विचारले, "काच की स्टील?" ती म्हणाली, "काच."

मागच्या वर्षी अंकलना धाप लागू लागली. डॉक्टरांनी काचेचा जग बंद केला. ते व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून आम्हाला सूचना देत, आणि त्यांचा लिंबाविषयीचा संशय शेवटपर्यंत गेला नाही. "दाबलं! टीचर, तुमी साल दाबलं! आवाज आला मला!" प्रार्थनेला मात्र ते काठी टेकीत खाली उतरत. हाका मारताना मध्ये थांबून श्वास घेत; आम्हीही थांबत असू.

गणपती होऊन गेल्यावर थोड्याच दिवसांत ते गेले. झोपेतच. घराला कुलूप लागले. डबे आमच्या गॅलरीत आले.

या मे महिन्यात पहिल्या रविवारी मी पाक केला. माईंनी शनिवारीच पाने दिली होती. भाची वसईहून प्रार्थना म्हणायला येणार होती, पण दुपारी तिचा फोन आला. तिच्या धाकट्या मुलीला ताप भरला होता, निघता येत नव्हते. "टीचर, तुम्हीच म्हणा ना," ती म्हणाली. मी होय म्हटले. संध्याकाळी वाडी क्रुसापुढे जमली. मेणबत्त्या लागल्या, चण्याचे पातेले आले, दोन्ही जग मांडले गेले. मी पुढे झाले आणि तिथेच थांबले. इतकी वर्षे मी तिथे उभी राहत आले होते. मला एकही नाव पूर्ण आठवेना. नेने काकांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. काकूंनी ओठ हलवून पाहिले आणि सोडून दिले. सबंध वाडीला फक्त उत्तर येत होते. हाक कोणालाच येत नव्हती.

"फोनवर मिळेल की," मागून कोणीतरी म्हणाले. खिशातून एक-दोन फोन निघालेही.

"ठेवा ते," माई खुर्चीतून म्हणाल्या. "त्यानं आपल्याकडे मागितलं होतं ते उत्तरच. तेवढं आपल्याला येतं ना?" त्यांनी हात जोडले, थोडे थांबल्या आणि म्हणाल्या, "आम्हांसाठी विनंती कर."

आम्ही त्यांच्यामागून म्हणालो. पुन्हा शांतता झाली. अंकलना एक नाव घ्यायला आणि श्वास घ्यायला जेवढा वेळ लागे, तेवढी. मग माईंच्या हाताची खूण, आणि पुन्हा, "आम्हांसाठी विनंती कर." थोड्या वेळाने माईंनी खूण करायचेही सोडले. किती थांबायचे, हे कोणी कोणाला सांगितले नव्हते. तरी दर वेळी सगळ्यांचे उत्तर एकदम येत होते.