आई म्हणाली, गोळी घेतलीच नाही

गेल्या आठवड्यात सौंसरहून बाबांचा फोन आला. आईचं तोंड आलंय, काही खात नाही म्हणाले. मी फार मनावर घेतलं नाही... कापूस वेचायचे दिवस, डोक्यावर ऊन, उष्णता झाली असेल. गुलकंद द्या, म्हटलं.

मग ताप चढला. बाबा तिला घेऊन पांढुर्ण्याला आले, मी काम करते त्याच हॉस्पिटलात. तिला बघितलं. ओठ सोललेले, आतून सगळं लालभडक, पाण्याचा घोटही गिळवेना. दंडावर कुठेही न आपटता उठलेले जांभळे डाग.

मी क्लिनिकल फार्मसिस्ट आहे. म्हणजे काउंटरवर औषधं विकत नाही. भरती झालेला पेशंट घरी काय काय घेतो ते खोदून विचारायचं, कोणत्या औषधाचं कोणाशी जमत नाही ते बघायचं, डॉक्टरांना सांगायचं. दिवसभर वाईटसाईट शंका घ्यायची नोकरी. कोणाकडे पाहुणी गेले तरी मी औषधांच्या पट्ट्यांवरच्या तारखा वाचते, म्हणून घरात मला 'एक्सपायरी बाई' म्हणतात.

रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी अगदीच कमी, प्लेटलेट्सही घसरलेल्या. डॉक्टर म्हणाले, डेंग्यू असू शकतो, आणखीही काही असू शकतं, नागपूरला हलवलेलं बरं. 'आणखीही काही' म्हणजे रक्ताचा कॅन्सर, ते मला कळत होतं. तो शब्द कोणी उच्चारला नाही, पण बाबा एकदम खुर्चीत बसले.

मला मात्र त्या तोंडाची भीती वाटत होती. असं तोंड मी पूर्वी पाहिलं होतं... एका पेशंटनं सांधेवाताची मेथोट्रेक्सेट नावाची गोळी रोज घेतली होती. ती आठवड्यातून फक्त एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर शरीरात नवं रक्त तयार होणंच थांबत जातं. त्या पेशंटचं पुढे काय झालं, ते इथे लिहवत नाही.

आईजवळ बसले. हात दुखतात म्हणून एखादी नवीन गोळी घेतली का, कोणी दिलेली, कसलीही? तिनं भिंतीकडे बघत मान हलवली. "कोणतीच नाही वं. काहून सारखी सारखी विचारून राहिली मले?"

पुन्हा विचारलं. रागावले, मग रडलेसुद्धा. अनोळखी माणसांकडून सगळं काढून घेते मी... आणि माझी स्वतःची आई मला दाद देत नव्हती.

तेवढ्यात एक विचार आला. ती गोळी माझ्याच घरात आहे. माझ्या सासूबाईंना सांधेवात आहे, दर रविवारी जेवण झालं की त्या एक गोळी घेतात. पण सासूला विचारायचं तरी कसं? तुमच्या गोळीनं माझी आई आजारी पडली का, असंच ना? तसं काही नसलं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल.

तरी फोन लावला. आईला भरती केलंय, तोंड सोललंय, रक्ताचा रिपोर्ट वाईट आहे, एवढंच बोलले. पुढचं विचारायला जीभ रेटेना.

तर सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "पोरी... मीच तिले माह्या गोळ्याची पट्टी देली होती. ओटीत टाकून. ऐतवारी एकच घ्या, असं सांगतलं होतं वं मी."

आई मध्यंतरी आमच्याकडे आली होती. विहीण घरी आली की आमच्यात ओटी भरल्याशिवाय पाठवत नाहीत. आईची आखडलेली बोटं बघून सासूबाईंचा जीव कळवळला. तांदूळ, नारळ, खण यांच्यासोबत त्यांनी आपल्याला गुण आलेली गोळीही टाकली. मायेनंच टाकली.

मी धावत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नागपूरला कळवून उताऱ्याचं इंजेक्शन तयार ठेवायला सांगितलं. अॅम्ब्युलन्समध्ये मी आईचं मनगट धरून बसले होते. श्वास जरा लांबला की माझा थांबत होता.

सावनेरच्या अलीकडे कुठेतरी तिला सांगितलं, मला कळलंय सगळं. तिनं डोळे उघडले नाहीत. "हात रोज दुखते, मंग हप्त्यातून एक गोळी कशी पुरन? म्हनून रोज घेतली... तुह्या सासूले काही म्हनू नको."

म्हणजे तिला कळलं होतं की हे त्या गोळीनंच झालंय. तोंड उघडता येत नव्हतं, रक्त आटत चाललं होतं, तरी लेकीच्या सासरला बोल लागू नये म्हणून ती गप्प होती. जीव गेला असता तरी बोलली नसती, याची मला खात्री आहे.

आता पेशी वाढताहेत. काल पातळ वरण-भात खाल्ला तिनं. सासूबाई भेटायला आल्या आणि दारातच रडायला लागल्या. आईनं त्यांना हाताला धरून पलंगावर बसवून घेतलं.

सासूबाईही गप्प बसल्या असत्या तर? सगळ्यांची बोटं आपल्याकडे वळणार हे त्यांना ठाऊक होतं, तरी मी विचारायच्या आधी त्या बोलल्या. त्यांचे हे उपकार माझ्यानं फिटणार नाहीत. पण तो 'तर' काही डोक्यातून जात नाही.

आज घरी गेलात की आईला विचारा, ती कोणकोणत्या गोळ्या घेते. आणि 'कोणतीच नाही' म्हणाली, तर तिथेच थांबू नका... तिच्या विहिणीला फोन लावा.