जिनिंगात समिती आली त्या दिवशी

तुमच्या गावात बायकांची स्थिती पाहायला सरकारी समिती आली, तर तिला काय दिसतं?

आमच्याकडे ती साठ सालानंतरच्या एका हिवाळ्यात आली. यवतमाळच्या एका जिनिंगात, कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, मी आणि माझी मोठी बहीण कामाला होतो. ताईची मुलगी तान्ही होती. सगळ्याच बायकांची लेकरं रुईच्या ढिगाआड टोपल्यांत निजायची. रडू नयेत म्हणून त्यांना अफू चाटवत. त्यांच्या पापण्यांवर रुईची धूळ बसलेली असे. ताईला एकच हवं होतं, मुलांसाठी ढिगापासून दूर एक खोली. मोठ्या कारखान्यात पाळणाघर हवं असा कायदा आहे, हे मी तिला एका पत्रकातून वाचून दाखवलं होतं. समितीपुढे तेच बोलायचं असं तिने ठरवलं.

आदल्या संध्याकाळी वस्तीतल्या घराघरांत बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या वेळची पांढरी लुगडी पेटीतून निघाली.

"सरकारपुढं मळकी जाशीन काय?" आई ताईला म्हणाली. "लोक म्हणतीन, बुद्ध झाले अन् तसेच राह्यले."

"अन् पोरगी?"

"माह्यापाशी ठेव. शेंबडं लेकरू कायले दाखवतं साहेबाले?"

सकाळी शेजारची काकी ताईला म्हणाली, "तू त मास्तरीण दिसून राह्यली वं."

"मंग घेऊ काय तुही हजेरी?" ताई म्हणाली. सगळ्या हसल्या.

बोलणं ऐकू यावं म्हणून मालकाने यंत्रं बंद ठेवली होती. हवा स्वच्छ होती. ढिगाआड एकही टोपली नव्हती. समितीतल्या बाई शहरातल्या, मायाळू. ताईसमोर थांबल्या.

"तुमचं मूल कुठे आहे?"

"घरी. आईपाशी."

"छान. आणि किती स्वच्छ राहता तुम्ही सगळ्या. मला वाटलं नव्हतं."

ताईने बोलायला उघडलेलं तोंड मिटलं. बाई पुढे गेल्या.

"काहून नाई बोलली?" मी नंतर विचारलं.

"ते बाई चांगलं म्हणून राह्यली होती. तिच्यापुढं रडगाणं कसं गाऊ?"

दुसऱ्या दिवशी यंत्रं सुरू झाली, टोपल्याही आल्या. काही आठवड्यांनी ताईने मुकादमाला खोलीचं विचारलं.

"समितीनं पाह्यलं ना सारं," तो म्हणाला. "तवा काही कमी नव्हतं."

ताई टोपली उचलून घरी आली. तिचं जिनिंगातलं काम सुटलं. मग ती कापूस वेचायला जायची आणि मुलीला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बाभळीखाली निजवायची. मला राग येईल असं वाटत होतं. आला नाही. मी नुसती सरकी वेचत राहिले.

समित्या खोट्या नसतात. बायकांसाठी जे थोडे कायदे झाले, ते अशाच कुणीतरी येऊन पाहिल्यामुळे झाले. त्या बाईंनीही जे दिसलं तेच लिहिलं असणार. म्हणून एवढं करा. तुमच्याकडे समिती आली तर यंत्रं बंद करू देऊ नका. तिला आधी लेकरं निजतात तिथे न्या, आणि लेकरं तिथेच असू द्या.