उभ्यानं जेवणारं घर

सासूबाई पहाटे साडेचारला उठायच्या. हात न टेकता, गुडघ्याला न धरता, सरळ उभ्या. पावणेसहाच्या आत स्वयंपाक, दोन डबे, पाणी भरणं, नातवाचं दप्तर, सगळं उरकून कामाला निघायच्या. काम काय, तर बसायचं.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नवी सून हसली होती. "बसायचं म्हणजे?"

"म्हणजे बसायचं," नवरा म्हणाला. "खुर्चीवर."

खुर्च्यांच्या कारखान्यात सासूबाई तपासनीस होत्या. तयार खुर्ची पुढ्यात आली की तिच्यावर तीनदा बसायचं. एकदा अलगद, एकदा धपकन, एकदा डावीकडे कलून. कुरकुरली की खडूनं फुली, नाही कुरकुरली की बरोबरची खूण. दिवसाला दोनशे चाळीस खुर्च्या, म्हणजे सातशे वीस वेळा बसणं आणि तितक्याच वेळा उठणं. मेहनत बसण्यात नाही, उठण्यात आहे. पटत नसेल त्यानं शंभरपर्यंत करून बघावं आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरून दाखवावा.

शिवाय तपासनिसाचं वजन सत्तर किलो भरलंच पाहिजे, असा नियम होता. हलक्या माणसाखाली कुठलीही खुर्ची पास होते. दर सोमवारी मुकादम काट्यावर उभं करायचा. सासूबाईंच्या वजनावर घर चालत होतं.

सुट्टी झाली की मात्र त्या कशावरही बसत नसत. बसमध्ये निम्म्या जागा रिकाम्या असल्या तरी दांड्याला धरून उभ्या. "आजी, बसा की," कंडक्टर रोज म्हणायचा. "ड्युटी संपली माझी," त्या रोज सांगायच्या. घरी उभ्यानं भाजी चिरायच्या, उभ्यानं नातवाला गोष्ट सांगायच्या. त्याला ताप आला तेव्हा त्याला खांद्यावर टाकून दोन दिवस येरझाऱ्या घातल्या. सगळ्यांना वाढून झालं की ओट्यापाशी उभ्यानं पातेल्यातूनच चार घास खायच्या.

याचा ताप झाला सुनेला. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच शेजारच्या काकूंची खिडकी. काकूंना रोज दिसायचं ते हे, की मुलगा, सून आणि नातू चटईवर आरामात जेवतायत आणि म्हातारी ओट्याशी उभी.

"कामावर बसते तेवढंच बिचारीचं बसणं," काकू जिन्यात भेटेल त्याला सांगायच्या. "घरी सून टेकू देईल तर शपथ."

हे कानावर आलं आणि सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं ठरवलं, सासूबाईंना खिडकीसमोर बसवून जेवू घालायचं. एकदा तरी. काकूंच्या डोळ्यांदेखत.

तिनं खुर्ची आणली. सासूबाई बसल्या. सुनेनं लगबगीनं वाढायला घेतलं. सासूबाई उठल्या, धपकन बसल्या, डावीकडे कलल्या, उठल्या आणि खडू काढला.

"मागचा डावा पाय. परत देऊन ये."

दुसरीची पाठ सैल निघाली. तिसरी सुनेनं मुद्दाम त्यांच्याच कारखान्यातली शोधून आणली.

"आई, हिच्यावर तर तुमचीच खूण आहे!"

"हो ना. म्हणजे माझं बसून झालंय हिच्यावर."

तिसरी खुर्ची परत कारखान्यात, तिच्या माहेरी गेली. त्यातच नातवानं शाळेत निबंध लिहिला. 'माझी आजी रोज सातशे वीस उठाबशा काढते. मग घरी येऊन उभी राहते.' बाईंनी विचारलं, "उठाबशा कोण काढायला लावतं?" तो म्हणाला, "मुकादम." "आणि उभं कोण करतं?" पोरानं विचार केला आणि म्हणाला, "घरी आई असते."

दुसऱ्या दिवशी बाई घरी हजर. काकू खिडकीत हजर. सासूबाईंनी चहा केला आणि कप देऊन भिंतीशी उभ्या राहिल्या.

"आजी, बसा ना."

"नको, मी बरी आहे अशी."

बाईंनी सुनेकडे एकदा नीट पाहिलं आणि चहा अर्धा ठेवून निघाल्या.

सुनेला रडू आवरेना. डोळे पुसायला कपाटातून फडकं ओढलं, तर त्याबरोबर एक जाड कापडी पट्टा खाली पडला. खळकन वाजला. आत शिवलेले स्क्रू होते.

"आई, हे काय?"

"तुझा नवरा लहान होता ना, तेव्हाचं. त्याची भूक मोठी आणि पातेलं लहान. माझं वजन उतरलं बासष्टवर. आठ किलोचा पट्टा बांधायचे."

"काट्यावर उभं राहायला?"

"दिवसभर गं. काट्याला फसवता येतं, खुर्चीला कसं फसवणार? उद्या खरा सत्तर किलोचा माणूस बसायचा तिच्यावर."

"किती दिवस असं?"

"सहा वर्षं. मुकादम म्हणायचा, बाई, तुम्ही चालताना वाजता. पण कधी तपासलं नाही त्यानं." त्यांनी पट्टा गुंडाळून ठेवला. "उभ्यानं जेवायचं तेव्हापासूनच. बसलं की ताट घ्यावं लागतं. ताट घेतलं की पोराला दिसतं, आईच्या वाट्याला किती आहे ते."

सून खुर्चीचं नाव विसरली. काकू विसरल्या नाहीत. जिन्यात नवनव्या माणसांना सांगतच राहिल्या.

नोकरीच्या एकतिसाव्या वर्षी सासूबाई निवृत्त झाल्या. शेवटचा पगार हातात आला आणि चार दिवसांनी कारखान्यातले दोन सुतार एक टेबल उचलून जिना चढले. टेबल छातीएवढं उंच. बरोबर खुर्ची एकही नाही. नातवासाठी एक खोकं होतं. त्याच्यावर सासूबाई स्वतः तीनदा चढल्या, उतरल्या, मग खूण केली. चटई गुंडाळली, टेबल बरोबर खिडकीसमोर लावलं आणि पानं वाढली.

"या सगळे. एकत्र जेवायचं होतं ना तुला?"

चौघं उभ्यानं जेवायला लागले. पाच मिनिटांत काकू दारात.

"अगं बाई, हे काय! आणि माणसानं बसायचं कुठे?"

"बसायला कारखान्यात जागा झालीय," सासूबाई म्हणाल्या. "वजन किती तुमचं?"

काकू आल्या पावली परतल्या. हसून हसून सुनेला ठसका लागला.

"आई, आता म्हणतील सासूनं सुनेला उभं केलं."

"म्हणू दे. तुझी पाळी झाली, आता माझी."

सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. नातवाला खोकं लागत नाही, सुनेचे पाय दुखतात, पण घर अजून उभ्यानंच जेवतं. नवा पाहुणा खुर्ची मागतो, तेव्हा सून त्याला हकीकत सांगते. सगळी सांगून झाली की एक ताट हातात घेऊन दाखवते. शेवटच्या पगारातून टेबल आलं आणि उरलं त्यातून हे एक ताट. तोवर घरात तीनच होती.