हळद लागलेले पाहुणे

अकोल्याला उतरलो तेव्हा मार्चातल्या सकाळीच पाठ तापायला लागली होती. तिथून एसटीने बार्शीटाकळी. तिथे माझ्या मित्राचे आईवडील, कमलाकाकू आणि नामदेवकाका, शेती करतात. त्यांच्या धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) बाभळींत काळ्या डोक्याचे भारीट मुक्कामाला असतात, एवढं कळल्यावर मी पुण्यात थांबणं शक्यच नव्हतं. भारीट हा पक्षी चिमणीएवढाच. दिवाळीच्या सुमारास पार इराणकडून येतो, ज्वारी-गव्हावर ताव मारतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो.

"लुटून राहिले मुडदे!" भाकर थापताना काकू म्हणाल्या. "डबा वाजवू वाजवू माहे हात दुखून आले."

संध्याकाळी थवा बाभळींत उतरला. हिवाळाभर मळकट दिसणाऱ्या नरांच्या पिसांच्या फिक्या कडा आता झिजल्या होत्या आणि आतला रंग वर आला होता. पोट पिवळंधमक, डोकं काळंभोर. बघण्याच्या नादात बाभळीचा काटा माझ्या चपलेतून थेट टाचेत गेला. काकूंनी तो सेफ्टी पिनेने काढला, वर माझी खरडपट्टीही काढली. मग मी त्यांच्या हातात दुर्बीण दिली. त्यांनी ती बराच वेळ डोळ्यांवरून काढलीच नाही.

दुसऱ्या दिवशी दारात जेसीबी हजर. बाभळी उपटून धुरा साफ करायचं काकांनी कधीचंच ठरवलं होतं. मला त्यांना थांबवायचं होतं, पण पाहुण्याने काय बोलावं? काकूच आडव्या आल्या.

"आज नाई. त्याईले हळद लागली."

"कोणाले?" ड्रायव्हर गोंधळला.

"पाखरायले. आता गावाले जाऊन लगन करतीन. हळदीच्या नवरदेवाले कोणी घराभाईर काढते का?"

काका चिडले. "अन् काल शिव्या कोण देत होतं?"

"शिव्या देल्या. घर नाई मोडलं."

जेसीबी परत गेला. मला काकूंच्या पाया पडावंसं वाटलं आणि मी पडलोही.

परतीच्या गाडीत तेच मनात घोळत होतं. हे पाखरू आपल्याकडे घरटं बांधत नाही, पिल्लं वाढवत नाही, म्हणून आम्ही पक्षी बघणारे त्याला पाहुणा म्हणतो. पण निम्मं आयुष्य तर ते इथेच काढतं.

काही दिवसांनी फोन केला. काकांनी उचलला.

"गेले बा सारे. तुही काकू सकाळपासून धुऱ्यावरच बसून हाय."

"मग आता जेसीबी बोलवणार?"

"कावून? दिवाळीले आल्यावर उतरतीन कुठी?"