खरं, खोटं आणि आमची गल्ली

इंग्रजीच्या परीक्षेत वाचनाचा एक पेपर असतो. लांबलचक उतारा द्यायचा, खाली विधानं द्यायची आणि विचारायचं, हे खरं, खोटं की उताऱ्यात दिलेलंच नाही? हा तिसरा पर्याय ज्याने शोधून काढला, तो माणूस सुरतेत आमच्या लिंबायतला कधी आलेला नसणार. आमच्याकडे रिक्षावाल्याला पत्ता विचारून बघा. माहीत नसला तरी तो सांगणारच, वर दोन वळणं पदरची घालेल. 'ठाऊक नाही' म्हणणं म्हणजे समोरच्याला दारातून हाकलणं. अशा ठिकाणी वाढलेली मी वाचनात दोनदा आपटले, यात माझा काय दोष?

मी नर्स. इथल्याच एका दवाखान्यात नोकरी करत होते. विलायतेतल्या एका हॉस्पिटलने मला घ्यायचं कबूल केलं होतं, फक्त वाचनात नऊपैकी सात बँड आणा म्हणे. ऐकणं जमलं, लिहिणं जमलं, बोलण्यात तर परीक्षा घेणारी बाईच दमली. वाचनात मात्र दर वेळी सहावर गाडी अडायची. तिसऱ्यांदा अडली असती तर ती जागा दुसऱ्या कोणाला गेली असती.

घरात आम्ही दोघंच, मी आणि आबा. आई जाऊन काही वर्षं झाली होती. आबांनी उभा जन्म लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात काढला आणि त्या खडखडाटात कान घालवून बसले. मला पाठवायची घाई माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त. मी पहिल्यांदा नापास व्हायच्या आधीच 'पोर विलायतेला चालली' हे त्यांनी थेट गावी अमळनेरपर्यंत फोनवर ओरडून सांगून टाकलेलं. आता माघार कशी घ्यायची? मी गेल्यावर या बहिऱ्या माणसाचं काय, हा प्रश्न जिभेवर यायचा आणि मी तो गिळायचे. विचारला असता तर त्यांनी लगेच उत्तर दिलं असतं, त्याचीच भीती वाटायची.

मला मोठ्याने वाचल्याशिवाय काही डोक्यात शिरत नाही आणि आबांना ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. म्हणून ड्यूटीवरून आले की मी ओट्यावर बसून उतारा ओरडून वाचायचे आणि परिच्छेद संपला की त्याचं सार अहिराणीत ओरडायचे. फुकटची करमणूक म्हटल्यावर गल्ली जमली. मधमाश्या झाल्या, बर्फाचे डोंगर झाले, सायकलचा जन्म झाला. पण हे मेले उतारे ऐन रंगात आले की संपायचे. "मंग पुढे काय व्हयनं?" आबा विचारायचे. मी म्हणायचे, पुढे प्रश्न. त्यावर ते इंग्रजांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

एकदा उतारा निघाला जुन्या कापडगिरण्यांचा. झालं! आबा सरसावून बसले. विधान होतं, यंत्रं आल्यावर कामगार खूश झाले. उताऱ्यात यंत्रं कशी आली आणि कापड किती जास्त निघू लागलं एवढंच होतं. कामगारांच्या मनात काय होतं याचा पत्ताच नाही.

"खोटं!" आबा गरजले. "मशीनवर कोणता कामगार खूश ऱ्हास? माले ठाऊक शे!"

समोरची मावशी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. तिथूनच तिने तोंड घातलं. "का हो? यंत्रं होती म्हणून तर तुम्ही सुरतेला आलात. नाहीतर बसला असतात गावी ढेकळं फोडत. खरं लिही गं तू."

वाद गिरणीवरून दिवाळीच्या बोनसवर गेला आणि तिथून मावशीच्या जावयावर. मी आपलं बापाचं ऐकलं आणि 'खोटं' लिहिलं. मागे उत्तर पाहिलं तर, दिलेलं नाही.

"दिलेलं नाही म्हणजे?" आबा भडकले. "मी देस ना!"

क्लासचे सर माझ्याहून वयाने लहान, पक्के सुरती. माझा पेपर बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "बेन, तुम्ही पेपर वाचत नाही, पेपरशी भांडता." घरचं शहाणपण चपलांसोबत बाहेर काढून येत जा, म्हणाले. सांगायला काय जातं? चपला काढता येतात, बाप कसा काढणार?

त्या संध्याकाळी मी आधीच धुसफुसत घरी आले. उतारा नवा होता, पण आबांचं 'माले ठाऊक शे' पहिल्याच विधानाला सुरू झालं आणि माझं डोकं सटकलं. मी गिरण्यांचा जुना कागद काढला आणि ओरडले, "आबा, खात्यात कापड खराब आहे म्हटलं की तुम्ही काय म्हणायचे?"

हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. खात्यात बोललेलं काही ऐकू यायचं नाही, म्हणून तिथे रिवाज होता. कापडात डाग असेल, धागा सुटला असेल, तर तपासणाऱ्याने त्यावर बोट ठेवायचं. बोट ठेवलं तर कारागिराने चूक कबूल करायची. नुसतं तोंड हलवलं तर चालायचं नाही. या बोटापायी आबा भल्याभल्या शेठांशी भांडले होते.

"बोट ठेव म्हनू," आबा म्हणाले.

"मग ठेवा!" मी कागद त्यांच्यापुढे आपटला. "कामगार नाखूश होते, हे कुठे लिहिलंय? ठेवा बोट!"

इंग्रजीचं ओ की ठो त्यांना कळत नाही. तरी त्यांनी चष्मा चढवला. ते एकेका ओळीवर बोट ठेवत गेले आणि मी त्या ओळीचा अर्थ ओरडत गेले. बोट खाली सरकत सरकत कागदाच्या बाहेर गेलं.

"नही शे," ते म्हणाले. फार जिवावर आलं होतं त्यांच्या.

त्या दिवसापासून त्यांनी पक्षच बदलला आणि माझा जीव नकोसा केला. मी उत्तर दिलं की यांचा एकच शब्द, "बोट?" मावशीलाही त्यांनी सोडलं नाही. हत्ती उभ्यानेच झोपतो असं ती म्हणाली, तर पिठाच्या हाताने तिला ओटा चढून यायला लावलं. कागदावर पिठाचे ठसे उमटले, हत्ती काही सापडला नाही. हळूहळू निम्मी गल्ली कंटाळून घरी गेली. भांडता येत नसेल तर बसायचं कशाला?

परीक्षेच्या हॉलमध्ये इतकी शांतता की माझंच पोट वाजलेलं मला ऐकू आलं. मी ओठ हलवत वाचू लागले तर तिथल्या बाईंनी डोळे वटारले. मग ओठ मिटले आणि बोट चालवलं. जिथे ते टेकायला जागा मिळाली नाही तिथे तिसरा पर्याय लिहिला, आतून कितीही 'खोटं, खोटं' ओरडावंसं वाटलं तरी.

सात आले. आबांनी पेढे वाटले आणि गल्लीत आठ म्हणून सांगितलं.

लोक पांगल्यावर आम्ही दोघं जेवायला बसलो आणि इतके महिने गिळलेला प्रश्न बाहेर पडलाच. "आबा, मी गेल्यावर तुमचं कसं?" हळू विचारला तर त्यांना ऐकू गेला नाही, म्हणून पुन्हा ओरडून विचारावा लागला. असला प्रश्न ओरडून विचारायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

त्यांना क्षणही लागला नाही. "मन्ही काय फिकीर करस? मी मजामा! मावशी डबा दी. कानाचं मशीन मी रोज लावसू. तू फोन करशी, माले सगळं ऐकू यी."

मावशी दिवाळीनंतर मुलाकडे डिंडोलीला राहायला जाणार होती, ते आबांनीच मला सांगितलेलं. कानाचं मशीन डोकं दुखतं म्हणून कपाटात पडून होतं. फोनवर तर त्यांना समोरच्याचं एक अक्षर कळत नाही, ते आपले एकटेच बोलत राहतात. मी हातातला घास ताटात परत ठेवला. आबा जेवायचे थांबून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"बरोबर?" त्यांनी विचारलं.

"बरोबर, आबा," मी ओरडून सांगितलं. "सगळं बरोबर."